हद्दपार नटी

मराठीतला ‘अब्रू’ हा शब्द मूळचा फारसी. ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी ते अब्रू. ‘बदनाम’ फारसी, ‘शरम’ फारसी, आणि बदनामी करून झाल्यावर लोक जी ‘दिलगिरी’ व्यक्त करतात तीही फारसीच. आमच्या बीड जिल्ह्यात तर हे शब्द जरा जास्तच मुरलेत. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, आणि तिथे आधी फारसी आणि मग उर्दू ही दरबाराची भाषा होती. ‘हद्दपार’ मधला ‘हद्द’ अरबी. इराणच्या कायद्यात फटक्यांसारख्या ज्या ठरीव शिक्षा आहेत त्यांनाही याच शब्दाने ओळखतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे झार आमिर इब्राहिमी ही इराणी नटी. तिच्या गोष्टीत हे सगळे शब्द ओळीने येतात. आणि ती वाचताना मला सारखं वाटत राहिलं की ही गोष्ट आपल्याला जितकी लांबची वाटते तितकी ती नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. झार १९८१ ची, तेहरानची. २००६ मध्ये इराणच्या टीव्हीवर ‘नर्गिस’ नावाची मालिका तुफान गाजली आणि तिच्यामुळे झार घराघरात पोचली. त्याच वर्षी तिचा एक अत्यंत खासगी व्हिडिओ कुणीतरी बाहेर फोडला. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण सीडी होत्या. त्या सीडी तेहरानमध्ये हातोहात खपल्या. ज्या लोकांनी आदल्या महिन्यात तिच्या मालिकेसाठी जेवणं लवकर उरकली होती, त्यातल्याच कित्येकांनी ही सीडीही मिळवून पाहिली असणार. मग चौकशी सुरू झाली, आणि ती कुणाची? तर तिची! काम बंद झालं. तुरुंग आणि फटके अशी शिक्षा समोर दिसत होती. २००८ मध्ये, खटला उभा राहायच्या आधी, ती देश सोडून पॅरिसला गेली.

त्यानंतर एकदम २०२२. कान चित्रपट महोत्सवात ‘होली स्पायडर’ या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार झारला मिळाला. मशहद शहरात २०००-०१ मध्ये सईद हनाई नावाच्या माणसाने सोळा बायकांचे खून केले होते, ‘शहर स्वच्छ करतोय’ या समजुतीने. त्यावरचा हा चित्रपट, दिग्दर्शक अली अब्बासी. खुन्याचा माग काढणारी पत्रकार झारने केली आहे.

बातम्यांमध्ये ही गोष्ट ‘राखेतून भरारी’ अशा थाटात सांगितली गेली. वाचायला छान वाटतं. पण २००८ ते २०२२ ही मधली चौदा वर्षं कुठे गेली? माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे, आणि ती कुणी फारशी सांगत नाही, कारण तिच्यात नाट्य कमी आणि चिकाटी जास्त आहे.

नटीला देश सोडावा लागतो म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. डॉक्टर परदेशी गेला तर त्याला तिथल्या परीक्षा द्याव्या लागतात, पण माणसाचं यकृत तेहरानमध्येही उजव्या बाजूलाच असतं आणि पॅरिसमध्येही. गणिताच्या मास्तरांचं गणित सीमेवर जप्त होत नाही. नटीचं हत्यार मात्र तिची भाषा. नुसते शब्द नव्हेत. कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठला गिळायचा, सासूशी बोलताना आवाज कुठे ठेवायचा, भाजीवाल्याशी कुठे, हे सगळं. ते वीस-पंचवीस वर्षं ऐकून अंगात भिनलेलं असतं आणि नव्या देशात त्याची किंमत शून्य. परभणीच्या बोलीत उत्तम संवाद म्हणणाऱ्या नटाला उद्या कुणी फिनलंडला नेऊन सोडलं तर तो तिथे कोण? दिसायला बरा, उच्चार विचित्र असलेला एक माणूस, बस्स.

झारने मग कॅमेऱ्यामागची कामं केली. ‘होली स्पायडर’मध्येही ती आधी नटी म्हणून नव्हतीच, ती त्या चित्रपटाची कास्टिंग डायरेक्टर होती, म्हणजे भूमिकांसाठी माणसं शोधायचं काम तिचं. पत्रकाराच्या भूमिकेसाठी निवडलेल्या नटीने चित्रीकरणाच्या तोंडावर माघार घेतली. डोक्यावर रुमाल न घेता पडद्यावर दिसलो तर मायदेशी काय होईल, ही तिची भीती. झारचा त्या वेळचा संताप बघून दिग्दर्शकाने ती भूमिका तिलाच दिली. म्हणजे एका नटीच्या भीतीमुळे रिकामी झालेली जागा, जिची भीती कित्येक वर्षांपूर्वीच खरी होऊन संपली होती अशा दुसऱ्या नटीने भरली. मला हा तपशील पुरस्कारापेक्षाही मोठा वाटतो. जिने माघार घेतली तिला भित्री म्हणायची आपली लायकी नाही. तिला मागे घर होतं, झारला उरलं नव्हतं, एवढाच फरक.

झार या वाटेवर एकटी नाही. शोहरे आगदाश्लू १९७९ च्या क्रांतीच्या वेळी इराणमधून निघाली. आधी लंडनमध्ये राहून तिने आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकला, मग अमेरिकेत जाऊन तिथल्या इराणी लोकांसाठी फारसी नाटकं केली. ‘हाउस ऑफ सँड अँड फॉग’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं ते २००३ च्या चित्रपटासाठी, म्हणजे घर सोडल्यावर चोवीस वर्षांनी. सुसान तस्लीमी ही बेहराम बैझाईंच्या ‘बाशू’ची नायिका. त्या चित्रपटात ती गिलकी बोलते आणि तिच्याकडे आश्रयाला आलेला युद्धातला पोर अरबी बोलतो. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही आणि तरी ती त्याची आई होते. ही तस्लीमी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनला गेली, स्वीडिश शिकली, त्या भाषेत रंगभूमीवर उभी राहिली आणि २००२ मध्ये तिने स्वीडनमध्ये स्वतःचा चित्रपट दिग्दर्शित केला. पडद्यावर जे केलं तेच पुढे आयुष्यात करावं लागलं.

गोलशिफ्ते फराहानी आपल्याकडच्या प्रेक्षकांनी पाहिलेली असेल. रिडली स्कॉटच्या ‘बॉडी ऑफ लाइज’मध्ये (२००८) तिने काम केलं म्हणून मायदेशी चौकशांचा ससेमिरा लागला आणि तीही फ्रान्सला गेली. तिने पुढे फ्रेंचमध्ये काम केलं, इंग्रजीत केलं आणि अनुप सिंग यांच्या ‘द साँग ऑफ स्कॉर्पियन्स’मध्ये (२०१७) इरफान खानबरोबर चक्क राजस्थानी गायिका-वैदीण झाली. हा चित्रपट भारतात २०२३ मध्ये लागला, इरफान गेल्यावर तीन वर्षांनी. स्वतःची भाषा बंद झालेली बाई किती परक्या भाषा तोंडात घोळवून बघते! याला कौतुक म्हणायचं की वणवण, मला ठरवता येत नाही.

आणि परदेशात सगळं आलबेल असतं असंही नाही. नव्या देशाला तिचं कौतुक असतं, पण कुठल्या रूपात? बहुधा तिच्या दुःखाच्याच. इराणी नटी म्हटली की पळून आलेली बाई, पिडलेली बाई, नाहीतर मग अतिरेक्याची बायको. आगदाश्लूला ‘ट्वेंटी-फोर’ या अमेरिकन मालिकेत २००५ मध्ये अतिरेक्यांच्या कुटुंबातली आई करावी लागली आणि त्यावरून वादही झाला. म्हणजे मायदेशात एक चौकट, परदेशात दुसरी. झारने यातून वाट काढायचा प्रयत्न केलेला दिसतो. ‘शायदा’ (२०२३) मध्ये ती ऑस्ट्रेलियात नवऱ्यापासून लपून राहणारी आई आहे आणि ‘तातामी’ (२०२३) तर तिने एका इस्रायली दिग्दर्शकाबरोबर, गाय नात्तिवबरोबर, सहदिग्दर्शित केला. विषय इराणचेच, पण आता गोष्ट कुणी सांगायची हे ठरवण्यात तिचा हात आहे. करिअर पुन्हा उभं करणं म्हणजे माझ्या मते हेच असावं. भूमिका मिळणं ही पहिली पायरी झाली.

बरं, आता जरा घराकडे वळू या.

इराणी नटी आणि परदेश यांची पहिली गाठ पडली ती पॅरिसमध्ये नव्हे, आपल्या मुंबईत. फारसी भाषेतला पहिला बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ १९३३ मध्ये मुंबईत तयार झाला, इंपीरियल फिल्म कंपनीत. तेच अर्देशीर इराणी, ज्यांनी १९३१ मध्ये ‘आलम आरा’ काढला. लेखक आणि नायक अब्दुल हुसेन सेपंता. नायिका कुठून आणायची हा प्रश्न होता, कारण बोलपटात काम करायला इराणी बाई तयार कुठे होणार? शेवटी स्टुडिओतच नोकरी करणाऱ्या एका इराण्याची तरुण बायको सापडली. तिचं नाव रूहअंगीझ सामीनेजाद. ती केरमानकडची, उच्चार तिकडचे, पण काम तिने असं केलं की तेहरानमध्ये चित्रपट धो धो चालला.

आणि मग? मग ती इराणला परतल्यावर तिच्या वाट्याला शिव्या आल्या, हेटाळणी आली, नातेवाइकांनी तोंड फिरवलं. मुंबईत केलेल्या ‘शिरीन-फरहाद’मधल्या कामानंतर तिचा चित्रपटांशी संबंध संपला. तिने नाव बदललं आणि उरलेलं आयुष्य गुमनाम काढलं. १९९७ मध्ये ती गेली. सिनेमाच्या इतिहासात पहिली म्हणून जिचं नाव घेतात तिला आपल्या नावाने जगता आलं नाही.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. १९३३ मध्ये इराणात आजच्यासारखी धर्मसत्ता नव्हती. रझा शाहचं राज्य होतं, आधुनिकतेचा त्याला हव्यास होता आणि याच चित्रपटाच्या शेवटी त्याच्या नव्या इराणची तारीफसुद्धा आहे. म्हणजे सरकार अनुकूल होतं, तरी बाईला हद्दपार केलंच. कुणी केलं? गल्लीने, नातेवाइकांनी, रस्त्यावरच्या टोळक्यांनी. सामीनेजादला हद्दपार करायला कुठलं फर्मान निघालं नाही. म्हणून झारच्या गोष्टीतही मला एकटी इराणची राजवट दोषी वाटत नाही. राजवटीने चौकशी चालवली हे खरं, पण सीडी विकत घेणारे हात राजवटीचे नव्हते. खटल्याच्या आधीच तिची अब्रू लोकांनी काढली होती, न्यायालय फक्त शिक्का मारणार होतं.

हे एकदा मान्य केलं की मग इराण फार लांब राहत नाही.

हंसा वाडकर. ‘लोकशाहीर रामजोशी’ची (१९४७) नायिका, ‘संत सखू’ करणारी, मूळची रतन साळगावकर. एवढी मोठी नटी आयुष्याच्या एका वळणावर आधीच संसार असलेल्या एका माणसाबरोबर आमच्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात आली आणि तिथे काही वर्षं वाड्याच्या भिंतींत अडकून पडली. पडदा, सोवळं, बाहेर जायची बंदी. महाराष्ट्रभर जिचे चित्रपट बघायला लोक गाड्या जोडून जात, ती त्याच महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात होती आणि कुणाला पत्ता नव्हता. ही हद्दपारी नव्हे तर काय? फरक एवढाच की तिला पासपोर्ट लागला नाही.

हंसाबाईंनी परत येऊन पुन्हा काम केलं. १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. पण त्यांनी खरं धाडस केलं ते पुढे, स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगून. अरुण साधूंनी ती शब्दबद्ध केली, ‘माणूस’मध्ये ती आली आणि १९७० मध्ये त्याच चित्रपटाच्या नावाने पुस्तक निघालं. दारू, पुरुष, फसगत, काहीही झाकलं नाही. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वगैरे वगैरे. ‘भूमिका’ बघून आपण हळहळतो. पण त्या काळात गावात ज्यांना हे ठाऊक होतं, त्या माणसांनी काय केलं असेल याचा विचार आपण करत नाही. बहुधा ‘नटीच ती’ असं म्हणून विषय संपवला असेल.

‘नटीच ती’. या दोन शब्दांत सगळं आलं.

ही झाली जुनी गोष्ट, आता काळ बदललाय, असं कुणी म्हणेल. मग डिसेंबर २०२४ आठवून बघा. ९ डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. सगळा जिल्हा हादरला होता. खंडणी, दहशत, पोलीस, पुढारी, या सगळ्यावर बोलायची कधी नव्हे ती संधी आली होती. आणि त्या ऐन गदारोळात आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी परळीतल्या राजकारणावर आणि तिथल्या कार्यक्रमांवर टीका करताना रश्मिका मंदाना, सपना चौधरी आणि प्राजक्ता माळी यांची नावं घेतली. पुढचे काही दिवस वाहिन्यांवर काय चाललं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. २८ डिसेंबरला माळी यांना पत्रकार परिषद घेऊन खुलासा करावा लागला, त्यांनी राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली, मुख्यमंत्र्यांची भेट घेतली. धस यांनी दोन दिवसांनी, कुणाच्या चारित्र्यावर बोलण्याचा हेतू नव्हता असं सांगत, दिलगिरी व्यक्त केली.

दिलगिरी व्यक्त केली हे चांगलंच झालं, आणि हा लेख कुण्या एका पुढाऱ्यावर नाही. कारण नाव घेणारा एक असतो, पण ते नाव चघळणारे हजारो असतात. चहाच्या टपरीवर, एस.टी.त, कचेरीत, गावच्या ग्रुपवर, ज्यांना त्या बाईंचा एक चित्रपट सांगता आला नसता ते सगळे तिच्याविषयी खात्रीने बोलत होते. पुरावा काय, तर एका सत्काराच्या कार्यक्रमातला फोटो. कार्यक्रमाला बोलावणारे पुरुष, पैसे देणारे पुरुष, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारे पुरुष, आणि शेवटी खुलासा करणार कोण? स्टेजवर आलेली बाई. झारच्या चौकशीत आणि यात मला जात तीच दिसते, मात्रा वेगळी.

मात्रेचा फरक मी लहान मानत नाही, हेही सांगायला हवं. इथे माळी पत्रकार परिषद घेऊ शकल्या, आयोगाकडे जाऊ शकल्या आणि दोन दिवसांत समोरच्याला माघार घ्यावी लागली. त्यांना रातोरात देश सोडावा लागला नाही. इराणमध्ये तराने अलिदूस्ती ही इतकी मोठी नटी, तिच्या ‘द सेल्समन’ला ऑस्कर मिळालेलं, पण २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर आंदोलकांच्या बाजूने उभी राहिली म्हणून डिसेंबरात तिला थेट तुरुंगात टाकलं. जानेवारी २०२३ मध्ये ती जामिनावर सुटली. ‘इथेही तसंच आहे’ असं म्हणणं म्हणजे अशा बायकांनी भोगलेल्याची चेष्टा होईल. आपल्याकडे कायदा बाईच्या बाजूने उभा आहे, निदान कागदावर तरी. खासगी चित्रण तिच्या संमतीने झालं असलं तरी तिच्या संमतीशिवाय ते पसरवणं हा गुन्हा आहे, असं २०१३ पासून आपल्या फौजदारी कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्येही ते कायम आहे. झार भारतात असती तर आरोपी ती नसती, ज्याने व्हिडिओ फोडला तो असता.

पण कायदा न्यायालयात उपयोगी पडतो, टपरीवर नाही. आणि आपल्या भागात बाईचं काम बंद पडतं ते टपरीवर. प्राजक्ता माळी यांच्यामागे नाव आहे, मुंबई आहे, माध्यमं आहेत. जिच्यामागे यातलं काही नाही तिचं काय? कॉलेजच्या स्नेहसंमेलनात उत्तम लावणी करणारी मुलगी दुसऱ्या वर्षी स्टेजवर का दिसत नाही? कारण कुणीतरी मोबाइलवर काढलेली तिची क्लिप गावात फिरलेली असते, वर दोन ओळी लिहून. घरी कुणी मारत नाही, कुणी काही बोलतही नाही. फक्त ‘आता पुरे, उद्या स्थळं बघायची आहेत’ एवढंच होतं. तिचं करिअर तिथे संपतं आणि तिचा कुठल्याही कानमध्ये पुरस्कार होणार नसतो. तमाशाच्या फडातल्या बायकांना तर हे कुणी सांगायलाही नको. त्यांच्या कलेला ‘लोककला’ म्हणून आपण भाषणात डोक्यावर घेतो आणि त्यांच्या पोरींच्या लग्नाचा विषय निघाला की गप्प बसतो.

‘फड’ शब्दावरून आठवलं. आमच्याकडे फड दोन, तमाशाचा आणि उसाचा. दसरा झाला की जिल्ह्यातून लाखोंनी माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात. उचल घेतलेली असते, मुकादमाची टोळी ठरलेली असते. घर सोडणं म्हणजे काय हे बीडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण त्या जाण्यात एक गोष्ट असते, परतीची. हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला की गाडी गावाकडे वळते. कितीही हाल झाले तरी आपली वेस आहे, आपलं कुलूप आहे, किल्ली कमरेला आहे. हद्दपार बाईच्या कमरेला ती किल्ली नसते. झारने २०१७ मध्ये फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं. आईवडिलांचं घर, गल्ली, पहिली रंगीत तालीम केलेलं स्टेज, हे सगळं जागेवर आहे, फक्त ती तिथे जाऊ शकत नाही. पुरस्कार घेताना ती मंचावर अपमानाबद्दल आणि एकटेपणाबद्दल बोलली, आणि या सगळ्यात सिनेमा होता असंही म्हणाली. त्याच पुरस्कारानंतर तिला धमक्याही आल्या.

काही जण म्हणतात, प्रसिद्धी हवी तर बोलणीही खायला हवीत, हा धंद्याचा भागच आहे. मला हे पटत नाही. नटीचं काम लोकांनी बघावं, नावं ठेवावीत, पडलं तर पडलं म्हणावं, तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून शिव्याही घालाव्यात. तो तिचा धंदा आहे. तिचं खासगी आयुष्य तिकिटात येत नाही. सुताराने टेबल वाकडं केलं तर आपण टेबलाबद्दल बोलतो, त्याच्या झोपायच्या खोलीबद्दल नाही. नट-पुरुषांच्या बाबतीत आपल्याला हे बरोबर कळतं. त्यांची लफडी आपण ‘रंगेल आहे गडी’ म्हणून हसण्यावारी नेतो आणि पुढचा चित्रपट बघायला जातो. म्हणजे नियम माहीत नाही असं नाही, तो बाईला लावायचा नाही एवढंच ठरलेलं आहे.

म्हणून झारची गोष्ट वाचून ‘वा, काय जिद्द आहे’ म्हणणं मला अपुरं वाटतं. जिद्द आहेच. पण प्रत्येक बाईकडे चौदा वर्षं वाट बघायची जिद्द असावी ही अपेक्षाच मुळात क्रूर आहे. तस्लीमीने स्वीडिश शिकली, फराहानीने चार भाषा घोळवल्या, आगदाश्लूने चोवीस वर्षं काढली. त्यांना हे करावं लागू नये यासाठी काय हवं होतं? फार मोठं काही नाही. २००६ च्या तेहरानमध्ये पुरेशा लोकांनी ती सीडी हातात आल्यावर ‘मला नको’ म्हटलं असतं, तर राजवटीला खटला चालवणं निदान थोडं अवघड गेलं असतं.

आपल्याला तर तेवढीही किंमत मोजावी लागत नाही. ग्रुपवर कुणा बाईची क्लिप आली, खाली हसरे चेहरे पडायला लागले, तर पुढे पाठवू नये आणि एका ओळीत लिहावं, ‘हे काढा’. फार तर दोन-चार जण नाराज होतील, कुणी ‘तुला काय एवढं लागलं’ म्हणून विचारील. विचारू द्यावं. आमच्याकडे निवडणूक असो नाहीतर जत्रा, अशी क्लिप यायला फार वाट बघावी लागत नाही.